रोहितांच्या भेटीला

गतवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात आफ्रिकेस जाऊन आली. माझी धाकटी कन्या, म्हणजे तिची मावशी, केनिया देशात नैरोबी शहरी राहते. भाची आली म्हणून मावशीने तिला नाकुरू नावाचे सरोवर दाखविण्यास नेले. या सरोवराचे एक जुने चित्र नातीने डोंबिवलीच्या वाचनालयातील पुस्तकात पाहिलेले होते. त्या चित्रात सरोवराचा काठ दूरवर गुलाबी दिसत होता, आणि नीट निरखून पाहिले म्हणजे कळत असे की तो काठ नव्हे, ते पक्षी आहेत! लांब पायांचे, लांब मानेचे रोहित पक्षी. इंग्रजीत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात.

आपल्या वहीत नातीने त्या दिवसाचे टिपण लिहून ठेवले आहे. तिने गेंडे पाहिले. जिराफ पाहिले. रानम्हशींचा एक कळप रस्ता अडवून उभा राहिला, तेव्हा गाडी बराच वेळ थांबवावी लागली. परंतु टिपणाचे शेवटचे वाक्य असे होते : "काठ गुलाबी नव्हता. रोहित फार थोडे, आणि तेही फार लांब."

असे का झाले, हे तिला मावशीकडून कळले होते. नाकुरूचे पाणी खारे असते. त्यात क्षार फार. अशा पाण्यात एक सूक्ष्म हिरवे-निळे शेवाळ दाट माजते आणि तेच लहान जातीच्या रोहितांचे मुख्य अन्न होय. सन २०१० नंतरच्या काळात या सरोवराची पातळी चढत गेली. काठावरची बाभळीच्या जातीची उंच झाडे पाण्यात बुडून उभ्या उभ्या वाळली. पाणी वाढले म्हणजे क्षार पातळ होतात. क्षार पातळ झाले, शेवाळ घटले आणि रोहित अन्नाच्या शोधात बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे निघून गेले. कोणी त्यांना मारले नाही, हाकलले नाही. त्यांच्या ताटातले अन्न संपले, एवढेच.

"इतक्या लांब जाऊन मला रोहित दिसलेच नाहीत, आजोबा," असे ती म्हणाली, तेव्हा मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. कारण रोहितांचा एक फार मोठा मेळा आमच्या घरापासून अवघ्या सात स्थानकांवर दरवर्षी भरतो, आणि मी तिला तिथे कधी नेले नव्हते. नेले नव्हते, कारण मी स्वतःच गेलो नव्हतो!

माझे सारे आयुष्य डोंबिवलीस गेले आणि नोकरी ठाण्यास झाली. कळवे सोडून गाडी पुलावर आली, की खाली खाडी दिसे. लहानपणी मी त्या पुलावरून रेतीच्या होड्या पाहिल्या, जाळी टाकणारे कोळी पाहिले, बगळे पाहिले. रोहित मात्र पाहिले नाहीत, कारण त्या काळी ते इथे येतच नसत. १९९० नंतरच्या दशकात मुंबईला शिवडीच्या चिखलावर ते दिसू लागले आणि हळूहळू खाडीत वर ठाण्याच्या दिशेने पसरले. शाळेतील एका सहकाऱ्याने ही वार्ता मला सांगितली, तेव्हा मी मुख्याध्यापकाच्या ऐटीत म्हणालो, "अहो, ते बगळे असतील!" वर्गात पक्ष्यांचे धडे शिकविणाऱ्या माणसाने खिडकीबाहेर पाहू नये, याला काय म्हणावे?

आता प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली होती. नात आणि तिच्या सातवीच्या वर्गातील चार मुलेमुली यांना घेऊन माघ महिन्यातील एका सुटीच्या दिवशी मी निघालो. तिथी वद्य एकादशी. ती मी मुद्दाम निवडली होती.

खाडीवर पक्षी पाहावयाचे तर घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा एक जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीस सहा वाजता. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब एकच. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो आणि भरती चंद्रामागे चालते, म्हणून हे गणित जमते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते.

"मग एकादशीला?" मी गाडीत विचारले.

मुलांनी बोटांवर हिशोब केला. "सव्वाआठ!" असे दोघे एकदम ओरडले. समोरच्या बाकावर एक गृहस्थ पेंगत होते, ते दचकून जागे झाले.

ठाण्यास आम्ही गाडी बदलली आणि दिघा गाव मागे टाकून ऐरोलीस उतरलो. येथे खाडीच्या काठी वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि तेथूनच पक्षी पाहण्यासाठी नौका सुटतात. केंद्रातील मार्गदर्शक तरुणाने भरतीचे छापील कोष्टक दाखविले. त्यात वेळ होती पावणेनऊची. मुले हिरमुसली. तेव्हा आमचे नाखवा हसून म्हणाले, "हिशोब बरोबर हाय पोरांनो. पन पानी समुद्रातून इथवर चालत येतं. त्याला वाटेत वेळ लागनारच की!" एवढ्या एका वाक्यात त्यांनी कोष्टक आणि पंचांग यांचा तंटा मिटवून टाकला.

पाणी फिरून घटकाभर झाल्यावर आम्ही नौकेत बसलो. दोन्ही काठांवर कांदळवनाची हिरवी भिंत होती. तिवराची झाडे चिखलात उभी होती आणि त्यांच्या बुंध्याभोवती पेन्सिलीच्या टोकांसारखी शेकडो मुळे जमिनीतून वर आली होती. चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडे अशी मुळे वर काढून श्वास घेतात. पाणी जसजसे उतरू लागले, तसतशी चिखलावर जाग येऊ लागली. एक नांगी भली मोठी आणि दुसरी चिमुकली असे खेकडे बिळांबाहेर आले. निवटी नावाचे मासे चिखलावर चक्क चालू लागले, उड्या मारू लागले. ओल्या कडेवर एका ठिकाणी पावलांचे ठसे उमटले होते. कुत्रा असावा, असे आम्हांस वाटले. पण मार्गदर्शक म्हणाला, "कोल्हा असू शकेल. या तिवरांत कोल्हे राहतात." पलीकडे ऐरोलीच्या उंच इमारती दिसत होत्या, पुलावरून मोटारी धावत होत्या, आणि त्यांच्यामध्ये हा कोल्हा! माझ्या नातीने वही काढली.

"अजून किती लांब?" असे मुले विचारू लागली. शेकाटे दिसले, बगळे दिसले, एक ब्राह्मणी घार डोक्यावरून गेली. परंतु मुलांचे डोळे एकच रंग शोधीत होते. इतक्यात नाखव्यांनी यंत्राचा आवाज कमी केला आणि नुसते बोट दाखविले.

खाडीच्या मध्यभागी पाण्यातून चिखलाचा एक पट्टा नुकताच वर येत होता आणि त्यावर रोहित उभे होते. किती, ते मी सांगू शकत नाही. एका मुलाने मोजण्यास प्रारंभ केला आणि तीनशेच्या पुढे सोडून दिला. लांबून ती एक फिकट गुलाबी रेघ वाटत होती. जवळ गेल्यावर त्या रेघेचे पाय, माना आणि चोची वेगळ्या दिसू लागल्या. आवाजही कानी येऊ लागला. बदकांचा मोठा थवा दूर कुठे कलकलाट करीत असावा, तसा तो अखंड आवाज होता. नौकेतील सारे गप्प झाले. ज्या मुलाला वर्गात पाच मिनिटे गप्प बसवणे मला कधी जमले नव्हते, तोही गप्प होता.

दुर्बिणीतून पाहिल्यावर ध्यानात आले, की येथे दोन जाती आहेत. मोठा रोहित माणसाच्या छातीपर्यंत पोहोचेल एवढा उंच, अंगाने पांढुरका, आणि चोच गुलाबी असून तिचे फक्त टोक काळे. लहान रोहित त्याच्यापुढे ठेंगणा. त्याची उंची जेमतेम तीन फूट. पण रंग अधिक गडद, आणि चोच इतकी गर्द लाल की लांबून काळीच वाटावी. ठाण्याच्या खाडीत संख्येने हेच अधिक असतात. काही पक्षी मळकट करड्या रंगाचे होते. मुलांना वाटले, ही तिसरी जात. पण ती त्यांची पिले होती. पिलू जन्मतः गुलाबी नसते. शेवाळात आणि बारीक जीवांत जे रंगद्रव्य असते, ते खाता खाता काही वर्षांनी पिसांत उतरते. रोहित या शब्दाचा अर्थच मुळी तांबडा. पण हा तांबडेपणा पक्ष्याला आईबापांकडून नव्हे, तर अन्नातून मिळतो.

"हे सगळे डोके उलटे करून का खातात?" एका मुलीने विचारले. प्रश्न मोठा मार्मिक होता. रोहित मान खाली घालतो, तेव्हा त्याचे डोके खरोखरच उलटे होते; वरची चोच खाली येते. चोचीच्या कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दाते असतात. रोहित जाड जीभ मागे ओढतो की पाणी आत येते, पुढे ढकलतो की बाहेर जाते, आणि दात्यांना अडकलेले अन्न तेवढे आत राहते. हे तो एका सेकंदात कित्येक वेळा करतो. तुमच्या आजीने रोवळीत तांदूळ धुतलेले पाहिले असेल. पाणी निथळून जाते, तांदूळ राहतात. रोहिताची चोच ही अशीच एक रोवळी आहे. लहान रोहिताची रोवळी फार बारीक विणीची. तीत डोळ्यांना न दिसणारे शेवाळही अडकते. मोठ्याची वीण जाड, म्हणून तो शिंपलीतले जीव, बारीक कोळंबीसारखे प्राणी, अळ्या असे जिन्नस वेचतो. त्यामुळे दोघे एकाच चिखलावर शेजारी शेजारी जेवतात आणि भांडत नाहीत.

नात बराच वेळ दुर्बीण सोडीना. मग तिने विचारले, "आजोबा, नाकुरूचे रोहितच इकडे आले का?"

नाही. पक्षी तेच, म्हणजे जात तीच. पण घर वेगळे. आपल्याकडचे रोहित मुख्यतः गुजरातेतून, कच्छच्या रणाच्या बाजूने येतात. रणात पाऊस पडून उथळ खारे पाणी साचले म्हणजे ते तेथे चिखलाच्या बुटक्या उतरंडीसारखी घरटी रचतात. प्रत्येक घरट्यात बहुधा एकच अंडे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली १९४५ साली कच्छच्या मोठ्या रणातील त्या वसाहतीत गेले होते, आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे तेथे एक लाखाहून अधिक घरटी होती. पाणी आटू लागले की पक्षी अन्नासाठी इतरत्र पांगतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी अलीकडे काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली चिमुकली यंत्रे बसविली, तेव्हा गुजरात आणि मुंबई यांमधील त्यांचे जाणे-येणे नकाशावर उमटले. २०१९ च्या मोजणीत मुंबई परिसरात एक लाखाहून अधिक रोहित भरले. खाडीचा सुमारे सतराशे हेक्टर भाग, पाणी आणि कांदळवन मिळून, २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. इराणातील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी अनेक राष्ट्रांनी एक करार केला होता. त्या कराराच्या यादीत ठाण्याची खाडी २०२२ साली समाविष्ट झाली.

"पण ते पूर्वी येत नव्हते, आणि आता येतात. का?" नातीने प्रश्न सोडला नाही.

मी मार्गदर्शकाकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. मग त्याने खाडीच्या काठाकडे बोट दाखविले. तेथे एका नाल्याचे काळसर पाणी खाडीत मिसळत होते. वासही येत होता. इतका वेळ पक्ष्यांच्या नादात तो आम्हांला जाणवला नव्हता. "लोकसंख्या वाढली, तसे घरांचे सांडपाणी वाढले," तो म्हणाला. "त्यातून शेतातल्या खतासारखे पदार्थ खाडीत येतात. खत मिळाले की शेवाळ माजते. शेवाळ माजले म्हणून लहान रोहित आले, असे अनेक अभ्यासक मानतात."

मुलांची तोंडे पाहण्यासारखी झाली. एक म्हणाला, "म्हणजे आपल्या घाणीमुळे हे सुंदर पक्षी आले?" दुसऱ्याने लगेच गणित पुढे नेले : "मग खाडी स्वच्छ केली तर निघून जातील?" तिसरी म्हणाली, "मग स्वच्छ करायचीच नाही का?"

चाळीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले; असा प्रश्न मला क्वचित कोणी विचारला असेल. मार्गदर्शकाने त्याचे उत्तर घाईने दिले नाही. तो म्हणाला की खत मर्यादेत असेल तोवर शेवाळ वाढते. मर्यादा ओलांडली की कुजण्याची क्रिया सुरू होते, पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात. शिवाय खाडीत नुसते घरांचे पाणी येत नाही. कारखान्यांतील रसायनांबरोबर काही विषारी धातूही येतात, ते चिखलात बसतात आणि चिखल चाळणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. रोहिताच्या रोवळीला शेवाळ आणि विष यांतला भेद कळत नाही.

"आणि पानी बदललं की आमची मासळीबी जाते," नाखवा इतक्या वेळाने बोलले. पूर्वी या खाडीत जाळे टाकले की किती प्रकारचे मासे येत, त्यांची नावे त्यांनी सांगितली. आता त्यांतली बरीच नावे जाळ्यात येत नाहीत. पक्षी वाढले आणि मासे घटले, दोन्ही एकाच पाण्यात! खाडी सुधारली की बिघडली, असे कोणी मला विचारले तर रोहिताच्या बाजूने मी एक सांगेन आणि नाखव्यांच्या बाजूने दुसरे.

नात हळूच म्हणाली, "नाकुरूला तर पाणी घाण झाले नव्हते. नुसते वाढले होते."

इतक्यात काय झाले कोण जाणे, पट्ट्याच्या एका टोकाचे पक्षी चालू लागले. मग धावू लागले. जड देहाच्या या पक्ष्याला एकदम झेप घेता येत नाही, त्याला पाण्यावर पावले टाकीत धावावे लागते. धावता धावता त्यांनी पंख उघडले, आणि जो पक्षी उभा असताना फिकट वाटत होता, त्याच्या पंखांतून लालभडक रंग आणि त्याला काळी किनार अशी एकाएकी प्रकट झाली. मराठीत या पक्ष्याला अग्निपंख असेही नाव का दिले आहे, ते सांगण्याची मला गरज उरली नाही. माना पुढे ताणलेल्या, पाय मागे ताणलेले. थवाच्या थवा आमच्या नौकेपुढून वळला आणि दक्षिणेकडे उघड्या पडलेल्या दुसऱ्या चिखलावर उतरला. मूळ पट्ट्यावर उरलेल्यांनी माना वर करूनही पाहिले नाही. त्यांचे जेवण चालू होते.

नौका परत फिरली. धक्क्यापाशी पाणी इतके उतरले होते, की आणखी थोडा उशीर झाला असता तर चिखलात अडकलो असतो. काठावर सावलीत बसून आम्ही डबे उघडले. एकादशी म्हणून नातीच्या आजीने साबुदाण्याची खिचडी दिली होती. आमच्यापैकी उपवास एकट्या माझा. परंतु मुलांनी आपापल्या पोळी-भाजीबरोबर खिचडीही संपविली आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण पंचपक्वान्नांवाचूनही खरी करून दाखविली. हात धुण्यासाठी नळाशी गेल्यावर एका मुलाने विचारले, "हे पाणी कुठे जाते, सर?" मग सगळ्यांनाच तो छंद लागला. डोंबिवलीचे पाणी कुठे जाते? ते उल्हास नदीच्या खाडीत जाते. आणि ती खाडी? ती वसईकडे समुद्राला मिळते, पण ठाण्यापाशी एका अरुंद फाट्याने या खाडीशीही जोडलेली आहे. परतीच्या गाडीत, कळव्याच्या पुलावर, पाचही डोकी खिडकीशी होती.

घरी आल्यावर नातीने वही उघडली. नाकुरूच्या टिपणाखाली एक रेघ ओढून तिने त्या दिवसाचे टिपण लिहिले. मग मावशीला पत्र लिहावयास घेतले. मावशी वैशाखात येणार आहे, आणि रोहित बहुधा पावसाळा तोंडावर येईपर्यंत खाडीत असतात. तिने माझ्याजवळ पंचांग मागितले, वैशाखातील एक रविवार शोधला आणि तिथी पाहिली. द्वादशी होती. बारा, त्यांची पाऊणपट नऊ. तिने पत्रात "सकाळी नऊ" असे लिहिले, क्षणभर थांबली, आणि ते खोडून "साडेनऊ" केले.